पंधरा ठोके

आमच्या घरात मिसळणाचे दोन डबे आहेत. एकात मोहरी, हळद, जिरं वगैरे, आणि दुसऱ्यात माझी घड्याळं. हा दुसरा डबा आईचा. स्टीलचा, सात वाट्यांचा, झाकणाला एक पोचा आलेला. आई गेल्यावर तो माळ्यावर पडून होता. मी खाली काढला, घासला, दोन दिवस उन्हात ठेवला आणि प्रत्येक वाटीत कापूस घालून एकेक घड्याळ ठेवलं. आठवं आणायचं तर आधीचं एक काढायचं, हा बायकोचा नियम. तो मी कुरकुरत का होईना, पाळतो. ज्या वाटीत आई हिंग ठेवायची तिथल्या घड्याळाच्या पट्ट्याला अजून हिंगाचा वास येतो. ते बांधून गेलो की ऑफिसात कुणीतरी विचारतंच, आज डब्यात आमटी का रे?

सातही घड्याळं क्रोनोग्राफ आहेत. म्हणजे वेळ दाखवणाऱ्या घड्याळाच्या पोटात आणखी एक स्टॉपवॉच. बाजूला दोन बटणं. वरचं दाबलं की लांब बारीक काटा धावत सुटतो, पुन्हा दाबलं की जागच्या जागी थांबतो, खालचं दाबलं की उडी मारून शून्यावर. सगळी चावीची, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, आणि सगळी स्वस्तातली. ज्यांच्या किमतीत ठाण्याला फ्लॅट येईल असली क्रोनोग्राफ असतात, ती लोक लॉकरमध्ये ठेवतात. मला ती फुकट दिली तरी नकोत. माझं घड्याळ रिक्षाच्या दांड्यावर आपटलं पाहिजे, त्याला घाम लागला पाहिजे. कुणी बनवलं ते धड वाचता येत नाही, काचेवर ओरखडे आहेत, आणि तरी बटण दाबलं की आत शंभरेक तुकडे एकमेकांना हाका मारून कामाला लागतात. ते टक्‌ बोटाला जाणवतं. त्या एका टक्‌साठी मी घाटकोपरपर्यंत जातो.

खरं सांगायचं तर मला स्वस्थ बसता येत नाही. शाळेत असताना माझा पाय सतत हलायचा आणि आई त्यावर चापट मारायची. आता पाय हलत नाही, बोट हलतं. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर, बोरिवलीच्या हायवेवरचा सिग्नल, लिफ्ट सातव्या मजल्यावरून खाली यायला लागणारा वेळ, बायकोचं तिच्या आईशी ‘फक्त दोन मिनिटं’ चाललेलं बोलणं, सगळं मी मोजलेलं आहे. मोजून काय करतो? काहीच नाही. शून्यावर आणतो आणि पुन्हा दाबतो.

माझी नोकरीही मोजण्याचीच. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रयोगशाळेत मी कॅलिब्रेशनचं काम करतो. कारखान्यांचे वजनकाटे, थर्मामीटर, प्रेशर गेज आमच्याकडे येतात आणि ते खरं बोलतात की खोटं हे मी तपासतो. खरं बोलणाऱ्याला हिरवा स्टिकर, खोटं बोलणाऱ्याला लाल. वीस वर्षं झाली. भाजीवाल्याच्या काट्याकडे मी नुसतं बघितलं तरी तो चार मिरच्या जास्त टाकतो. यंत्रावर विश्वास ठेवायचा नसतो, ते तपासायचं असतं, हे मी नव्या मुलांना इतक्या वेळा सांगितलंय की ती माझी नक्कल करतात.

हे सगळं आधी सांगून टाकलं, कारण पुढे जे झालं त्यात मला कुठली सबब उरत नाही.

घाटकोपर पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली एक म्हातारे घड्याळवाले काका बसतात. काचेची पेटी, एक दिवा, डोळ्याला भिंग. जिन्यावरून कुणी धावत गेलं की ते हातातलं काम थांबवतात, धूळ खाली बसू देतात आणि मग पुन्हा चिमटा उचलतात. गेल्या वर्षी त्यांनी पेटीतून एक घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलं. दुधाच्या सायीच्या रंगाची तबकडी, निळे काटे आणि कडेने लाल आकड्यांची एक पट्टी. दोनशे, दीडशे, शंभर, ऐंशी, साठ असे उतरत जाणारे आकडे. असलं घड्याळ मी फक्त फोटोत पाहिलं होतं. पूर्वीचे डॉक्टर वापरायचे ते. रोग्याची नाडी धरायची, बटण दाबायचं, ठरलेले ठोके मोजायचे आणि पुन्हा दाबायचं. काटा पट्टीवर जिथे थांबेल तो आकडा म्हणजे मिनिटाचे ठोके. पूर्ण मिनिट थांबायला नको. किती ठोके मोजायचे ते तळाशी बारीक परदेशी अक्षरांत लिहिलेलं असतं. याच्यावर लिहिलं होतं पंधरा.

ज्याला मिनिटभर थांबता येत नाही त्याच्यासाठी कुणीतरी घड्याळ बनवलं होतं. मी वेडाच झालो.

“साहेब, डायल रंगवलेली आहे हां,” काका म्हणाले. “आधीच बोलून ठेवतो. मागून तोंड पाडून येऊ नका.”

रंगवलेली डायल हे आमच्या मुंबईचं खास काम. जुन्या घड्याळाची तबकडी डागाळलेली असली की इथले कारागीर ती खरवडून नव्याने रंगवतात आणि अक्षरं, आकडे परत छापतात. त्यांच्या डोक्यात एकच की गिऱ्हाइकाला वस्तू नवी करून द्यायची. डाग म्हणजे घड्याळाचं वय, ते जपायचं असतं, हे त्यांना सांगितलं तर ते तुमच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. परदेशातल्या संग्राहकांच्या गटांवर मुंबईच्या घड्याळाचं नाव निघालं की लोक नाकं मुरडतात. मी तिथे आमच्या कारागिरांच्या बाजूने भांडतो, आणि इथे नव्याने घड्याळं जमवू लागलेल्या पोरांना सांगतो की रंगवलेली डायल चुकूनही घेऊ नका. दोन्ही मनापासून.

“चालेल,” मी काकांना म्हणालो.

मुंबईत आपण दिवसातून किती वेळा चालेल म्हणतो ते मोजायला हवं. चहात साखर नाही, चालेल. रिक्षा पुढच्या गल्लीपर्यंतच जाईल, चालेल. वीस वर्षांत मी प्रयोगशाळेत एकदाही चालेल म्हटलेलं नाही.

घरी आलो आणि दारातच स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली. बटण दाबलं, पंधरा ठोके मोजले, थांबवलं. काटा दीडशेवर.

मी पुन्हा मोजलं. एकशे अठ्ठेचाळीस.

कामावर एखाद्या गेजने असा आकडा दाखवला असता तर मी पहिल्यांदा त्या गेजची मान धरली असती. इथे मी स्वतःची धरली. मला वाटलं, हे असंच असणार. लहानपणापासून सगळे सांगत आलेत ना, याच्या अंगात भिंगरी आहे, याला कधी शांत बघितलं नाही. तर हे आत असं धावतंय. बायकोला म्हटलं, बघू, तुझा हात दे. तिने दिला नाही. ती म्हणाली, “माझा हात धरायचा तर सरळ धर ना. घड्याळ कशाला मध्ये?”

त्या दिवसानंतर मी स्वतःची नाडी मोजली नाही. भीती वाटली. कुणाला बोललो नाही. चहा सोडला. माझ्यासारख्या माणसाने चहा सोडला म्हणजे घरात किती चिडचिड झाली असेल ते विचारू नका. छातीत जराशी धडधड झाली की मला लाल पट्टीवरचा तो दीडशेचा आकडा दिसायचा.

बाबा तेव्हा नुकतेच आमच्याकडे राहायला आले होते. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले, गिरणी बंद झाल्यावर एका कारखान्याच्या गेटवर बसले, आणि आई गेल्यावर मालवणजवळच्या आमच्या गावी एकटेच जाऊन राहिले. तीन वर्षं राहिले. मग एकदा विहिरीपाशी चक्कर येऊन बसले म्हणून शेजाऱ्यांचा फोन आला आणि मी त्यांना उचलून बोरिवलीला आणलं. त्यांनी जन्मात घड्याळ बांधलेलं नाही. “भोंगो होतो,” ते म्हणायचे, “घड्याळ कित्याक?” माझा डबा उघडून बघितला तेव्हा सात घड्याळांवरून नजर फिरवून त्यांनी विचारलं, “सगळ्यांत येकच टायम आसा ना?” नव्हता. मी विषय बदलला.

आमच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं. मनगट धरून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ते मोजत राहिले. मी खुर्चीत चुळबुळत होतो.

“पंचावन्न,” ते म्हणाले. “वयाच्या मानाने ठीक आहे, पण जरा हळू आहे. रोज सकाळी बघत जा. पन्नासच्या खाली गेली तर लगेच घेऊन या. उद्या बघू, परवा बघू करू नका.”

घरी खणात करोनाच्या वेळचं बोटाला लावायचं यंत्र पडलेलं होतं. त्याचे सेल गेले होते. बायको म्हणाली, कोपऱ्यावरून सेल आण. मी म्हटलं, ते प्लास्टिकचं चिमटं कशाला? माझ्याकडे खास याच कामाचं घड्याळ आहे. सेल काही आणले नाहीत.

तर रोज सकाळी, दात घासून बाबा गॅलरीत बसले की मी समोर स्टूल घेऊन बसायचो. त्यांचं मनगट धरायचो. रुंद, हाडांचं मनगट. बोटांची टोकं अजून खडबडीत. बटण टक्‌. पंधरा ठोके. टक्‌.

“चौऱ्याऐंशी,” मी पहिल्या दिवशी म्हणालो. “झकास! डॉक्टर उगाच घाबरवतात.”

मला इतका आनंद झाला की मी कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लाल पेनाने चौऱ्याऐंशी लिहिलं. कुठल्याशा परक्या गावच्या डॉक्टरने वापरलेलं घड्याळ आज बोरिवलीच्या गॅलरीत तेच काम करतंय, ही कल्पनाच मला चढली होती. गटावर फोटो टाकला. लोकांनी तबकडी रंगवलेली आहे म्हणून टोमणे मारले. मी लिहिलं, असेल, पण काम चोख करते. अशी दीड महिनाभर आमची सकाळ चालली. त्र्याऐंशी, ब्याऐंशी, एकदा ऐंशी. बाबा हात पुढे करायचे, मी आकडा सांगायचो, झकास म्हणायचो आणि हात सोडून कामावर पळायचो. बाबा हसायचे.

याच दिवसांत ते बागेत जायचे बंद झाले. पाण्याचा तांब्या घ्यायला उठायचे आणि मध्येच कपाटाला हात टेकून उभे राहायचे. दुपारी बसल्या बसल्या झोपायचे. बायको म्हणाली, मला काही बरं वाटत नाही रे त्यांचं, दाखवून आणूया. मी तिला कॅलेंडर दाखवलं. आकडे बघ की, म्हणालो. माझा आवाज चढला होता. यंत्रापेक्षा अंदाजावर चालणाऱ्या माणसांचा मला राग येतो.

एका शनिवारी बाबा म्हणाले, “होडीत बसान किती दिवस झाले. ताजो मासो बघूक तरी न्हे.” बोरिवलीकरांना गोराईची बोट जवळ. पण मनोरीच्या बोटीची वेळ मी मागे एकदा घेतली होती आणि ती मला पुन्हा घेऊन बघायची होती. म्हणून रविवारी सकाळी मी त्यांना रिक्षाने पार मार्वेला नेलं. एवढंसं कारण. पण ते लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

बोट सुटली तसं मी बटण दाबलं. बाबा काठाशी बसून खाडीकडे बघत होते. वारा होता, ऊन कोवळं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर मी महिन्याभरात पाहिलं नव्हतं इतकं समाधान होतं. मी काट्याकडे बघत होतो. मनोरीच्या जेटीला बोट लागली, मी काटा थांबवला आणि मागच्या वेळेपेक्षा किती सेकंद लागले ते त्यांना सांगायला वळलो. ते उठताना दोरीला धरून उभे होते. ओठ पांढरे.

“काय झालं?”

“काय नाय. जरा अंधारल्यासारख्या झाला.”

मी तिथेच त्यांचं मनगट धरलं. बटण, पंधरा ठोके, बटण. अठ्ठ्याहत्तर. “अठ्ठ्याहत्तर आहे, बाबा. एकदम झकास. उन्हाने झालं असेल. चला, वर गेलो की सावलीत बसू.”

ते चालायला लागले. मी सांगितलं म्हणून चालायला लागले. जेटीचा चढ संपतो तिथे तीन-चार कोळणी मासळीचे वाटे लावून बसल्या होत्या. त्यांच्यापाशी पोचता पोचता बाबा खाली गेले. बसले नाहीत, गेले. माझ्या हातातून त्यांचा हात निसटला आणि बोंबलांच्या टोपलीवर त्यांचं डोकं टेकलं.

पाणी मारलं, हाका मारल्या. मिनिटभराने त्यांनी डोळे उघडले. मी काय केलं असेल? पुन्हा बटण दाबलं. टोपलीवाली मावशी तोवर बाबांजवळ बसून त्यांचा दुसरा हात धरून होती. साठीची असेल. हाताला खवले चिकटलेले.

“नाडी हलू हाय रं,” ती म्हणाली. “लय हलू.”

“अठ्ठ्याहत्तर आहे, मावशी,” मी घड्याळ तिच्यासमोर धरलं. “बघा ना. बरोबर आहे.”

तिने घड्याळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “घड्यालात काय बघतंस? हातात बघ.”

तिने माझी बोटं धरून बाबांच्या मनगटावर दाबली. मी मोजू लागलो आणि ती ओरडली, “मोजू नको. बघ नुसता.” मी मोजायचं थांबवलं. एक ठोका आला. मग काही नाही. मी वाट बघत राहिलो. मला वाटलं, आता येणारच नाही. मग दुसरा आला. दीड महिना रोज सकाळी ही नाडी माझ्या बोटांखाली होती आणि मला ती आता पहिल्यांदा लागली, कारण आजवर मी पुढच्या ठोक्याला फक्त आकडा म्हणून पकडत होतो.

बोटवाल्याने बोट भरायची वाट बघितली नाही. कोळणींनी आवाज दिला आणि त्याने लगेच सोडली. परतीला किती वेळ लागला ते मला ठाऊक नाही.

मालाडच्या एका हॉस्पिटलात त्यांना आत घेतलं. छातीला तारा लावल्या, उशाशी पडद्यावर हिरवी रेघ धावू लागली आणि प्रत्येक ठोक्याला एक बारीक टिंग. पडद्यावर आकडा होता एकोणचाळीस. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, पण त्यांचा आवाज घाई करणाऱ्याचा नव्हता. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही, त्या म्हणाल्या. पेसमेकर बसवावा लागेल, उद्याच. आणि मग विचारलं, “घरी कुणी नाडी बघत नव्हतं का?”

“मी बघत होतो,” मी म्हणालो. “रोज.”

त्यांनी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या गेल्यावर मी पलंगापाशी उभा राहिलो. एका टिंगवर बटण दाबलं, पंधरा टिंग मोजले, थांबवलं. काटा अठ्ठ्याहत्तरवर. पडद्यावर एकोणचाळीस. मी पुन्हा केलं. अठ्ठ्याहत्तर, एकोणचाळीस. बरोबर दुप्पट. थोडं इकडे नाही, थोडं तिकडे नाही. हे गणित माझ्या पोटापाण्याचं आहे, मला क्षण लागला नाही. ही पट्टी तीस ठोक्यांची होती. तळाला लिहिलं होतं पंधरा.

तिथे स्टूल नव्हतं, म्हणून मी जमिनीवरच बसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे कपडे न्यायला घरी आलो तेव्हा कॅलेंडरसमोर उभा राहिलो आणि लाल आकड्यांचे अर्धे करत गेलो. बेचाळीस, साडेएक्केचाळीस, एक्केचाळीस, चाळीस. दीड महिना. त्यातला एकही आकडा पन्नासच्या वर नव्हता. पहिल्याच सकाळी, जेव्हा मी झकास म्हणालो होतो, त्यांना घेऊन डॉक्टरांकडे धावायला हवं होतं. बायको मागे येऊन उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं, ओरडायला हवी होती. ती म्हणाली, “आधी चहा घे.” मी घेतला. दोन महिन्यांनी चहा घेतला आणि मला रडू आलं.

पेसमेकर नीट बसला. चार दिवसांनी बाबा घरी आले. त्यानंतर मी घाटकोपरला गेलो. काकांशी भांडायचं असं ठरवून गेलो होतो. त्यांनी भिंगातून तबकडी बघितली, पेटीखालून एक जुनी वही काढली आणि त्यात चिकटवलेले तबकड्यांचे फोटो चाळले.

“रंगवणारा वाचत नाही, साहेब,” ते म्हणाले. “त्याला ती भाषा कुठे येते? तो बघून काढतो. आकडे या घड्याळाचे, खालची ओळ त्या घड्याळाची. दोन्ही त्याने सुंदर काढलंय. हात बघा ना त्याचा.” हात खरंच सुंदर होता. एक आकडा वाकडा नव्हता. “मी तुम्हाला बोललो होतो, रंगवलेली आहे.”

“बोलला होतात.”

“तुम्ही काय बोललात?”

मी काय बोललो होतो ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. जिन्यावरून कुणीतरी धावत गेलं. काकांनी चिमटा खाली ठेवला आणि धूळ बसेपर्यंत थांबले. ओळ पुसून नीट करून देतो, ते म्हणाले. मी नको म्हटलं. प्रयोगशाळेतला एक लाल स्टिकर घड्याळाच्या पाठीवर लावला आणि ते हिंगाच्या वाटीत ठेवून दिलं, हिंगवालं दुसरीकडे हलवून.

पुढचे दोन आठवडे मी बाबांच्या जवळ बसायचं टाळलं. औषधं बायको द्यायची. मी दारातून विचारायचो, बरं वाटतंय ना, आणि उत्तर यायच्या आत चपला घालायचो. घरात येरझारा घालायचो, लिफ्टची वाट न बघता जिने उतरायचो. मनगटावर काहीच बांधत नव्हतो, तरी अंगठा जाऊन जाऊन बटण शोधायचा. त्यांना काय सांगायचं हेच मला कळत नव्हतं.

शेवटी त्यांनीच हाक मारली. संध्याकाळचे पाच वाजले असतील. ते गॅलरीत बसले होते, बागेत दोन चकरा मारून आलेले, चेहऱ्यावर रंग. स्टूल त्यांनी स्वतःच समोर ओढून ठेवलं होतं.

“बस रे झिला.”

मी बसलो आणि बोलून टाकलं. पट्टी तीसची होती, लिहिलं पंधरा होतं, मी दुप्पट आकडे सांगत होतो, तुमचं काही बरंवाईट झालं असतं. माझं मला थांबवता येईना. रंगवणारा, काका, सेल न आणणं, मनोरीची बोट, सगळं एका दमात. ते ऐकत होते.

“माका म्हायत होता,” ते म्हणाले.

“काय?”

“बरा नाय ता. जिना चढताना म्हायत पडता माणसाक.” त्यांनी खाली बागेकडे बघितलं. “पण तू रोज सकाळी येवन हात धरी होतस. पळत्या माणसान घडीभर बसान हात धरूचो म्हणजे काय? तुझ्या आईक पण नाय मिळालो तो. आणि आकडो बघून इतको खूश होऊन सांगी होतस... तुझ्या घड्याळाक खोटा कित्याक पाडूचा?”

पंधरा ठोके. ते रोज माझ्याकडून तेवढेच घ्यायला बसत होते, आणि त्यासाठी जीव पणाला लावून गप्प राहिले होते. माझी चूक मला माफ करता आली असती कदाचित. हे नाही येणार.

त्यांनी माझं मनगट धरलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वर केली आणि ओठ हलवत मोजू लागले. मी हललो नाही. पुरतं एक मिनिट किती लांब असतं ते मला तेव्हा कळलं. खाली कुणीतरी स्कूटर चालू केली, शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली, आणि मिनिट अजून उरलं होतं.

“चौऱ्याहत्तर,” ते म्हणाले. “तुका काय एक झालेला नाय.”

मग हात पुढे करून म्हणाले, “आता माझो बघ. ता लाल पट्टेवाला आण.”

“बाबा, ते खोटं आहे.”

“आण रे.”

मी डबा उघडला, घड्याळ काढलं, चावी दिली. स्टूलवर बसून त्यांचं मनगट धरलं आणि बटण दाबलं. त्यांचे ठोके आता सारखे येत होते, यंत्राने ठरवून दिलेले, मिनिटाला साठ. पंधरा मोजून मी थांबवलं.

“किती?” त्यांनी विचारलं.

“एकशे वीस.”

“झकास,” बाबा म्हणाले, आणि हात काढून घेतला नाही.